स्वराला वर्ण कुणी लावला?

आमच्या जुन्नर-नारायणगावकडं पाव्हणा आला की त्याला खोडदच्या दुर्बिणी दाखवतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० जाळीदार तबकड्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी त्या १९९०च्या दशकात उभ्या केल्या. लोक म्हणतात, ह्या आभाळातला आवाज ऐकतात. साफ खोटं. वर हवाच नाय, तर आवाज कुठला? येते ती रेडिओ लहर, म्हंजे प्रकाशच, पण डोळ्याला न दिसणाऱ्या रंगाचा. कर्ण्यातून ऐकवतात ते माणसानं केलेलं भाषांतर.

तर माझा सवाल असा : रंगाचा सूर करणाऱ्यानं त्यात आपल्या पदरचं किती घालावं?

न्यूटननं १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये इंद्रधनुष्य सप्तकाशी जुळवलं. आधी त्यानं रंग पाचच धरले होते. सूर सात, म्हणून रंगही सात केले. करू द्या. त्यात कुणाच्या पाठीवर वळ उठले नाहीत.

आपल्याकडं देवगिरीच्या यादवांच्या पदरी शार्ङ्गदेव होता. तेराव्या शतकातल्या त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त प्रत्येक स्वराला रंग दिलाय. षड्ज कमळासारखा, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदासारखा पांढरा, पंचम काळा. इथवर झ्याक. पण 'वर्ण' शब्दाचा दुसरा अर्थ त्याला सुटंना. सा, म, प ब्राह्मण. रे, ध क्षत्रिय. ग, नि वैश्य. हिशेब बघा : चार श्रुतींचे ते ब्राह्मण, तीनचे क्षत्रिय, दोनचे वैश्य. (पंचम काळा असून ब्राह्मण, हेही ध्यानात ठेवा.) आणि जागेवरून हलले म्हणून ज्यांना 'विकृत' म्हटलं, ते अंतर गांधार नि काकली निषाद हे शूद्र! सुराच्या अंगावर जात कुठं दिसली ह्याला? तार छेडली की ती कापते, एवढंच. जात छेडणाऱ्याच्या घरातनं आली.

आता गंमत. तोच अंतर गांधार, तोच काकली निषाद आज आपल्या पेटीवर शुद्ध ग, शुद्ध नि म्हणून बसलेत. पोरं पहिल्या धड्यात तेच घोकतात. सूर होता तसाच हाय. पाटी तेवढी बदलली.

खोडदला या. वेला नावाचा स्पंदतारा सेकंदाला ११ ठोके देतो. कर्ण्यावर घातला तर हलगीवर काडीची तडतड! हे भाषांतर मला पटतं, कारण मोजणी ताऱ्याची आहे, माणसाचा फक्त कर्णा.

पण ठोका असा सरळ हाती लागत नाय. एका ठोक्यातले सगळे रंग एकदमच निघतात. पोचताना मात्र वरच्या कंपनाचे आधी, खालचे मागून. ५०० मेगाहर्ट्झचा आला की ३०० चा त्याच्यामागं सुमारे २ सेकंदांनी. तेवढ्यात पुढचे वीस-बावीस ठोके येऊन मिसळतात आणि नुसती खरखर उरते. खालचा रंग काय आळशी होता? निघाला तर बरोबरच. वाटेत ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत इलेक्ट्रॉन पसरलेत, ते खालच्याला जास्त अडवतात. खोडदची माणसं कुणाला किती अडवलं ते मोजतात. मग आधी पोचलेल्याला तेवढा वेळ थांबवतात, खालचा येईस्तोवर. सगळे एका रांगेत आले की ठोका ऐकू येतो.