मागणे आणि विचारणे

कऱ्हाड शहरास लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या मलकापुरात येणारा भाविक बहुधा काही मागणे घेऊन येतो. कोणास मुलीच्या विवाहाची चिंता असते, कोणास व्यवसायात यश हवे असते, कोणी आजारातून उठलेल्या आप्ताचा नवस फेडावयास आलेला असतो. देवापाशी मागण्यात कमीपणा नाही. लेकराने आईपाशी मागावे, तसेच ते आहे. परंतु मागण्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट मंदिरात घडावी, अशी आपल्या पूर्वसूरींची अपेक्षा होती. ती म्हणजे स्वतःला विचारणे.

आपल्या परंपरेत प्रश्नाला मोठा मान आहे. दहा प्रमुख उपनिषदांपैकी एकाचे नावच ‘प्रश्नोपनिषद’ असे आहे. त्यात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींना सहा प्रश्न विचारतात. ऋषी त्यांना लगेच उत्तर देत नाहीत. प्रथम एक वर्ष तपाने व श्रद्धेने राहा, मग विचारा, असे सांगतात. प्रश्न विचारण्याचीही पात्रता अंगी आणावी लागते, हाच त्यातील बोध होय.

हा परिसर समर्थ रामदासस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेला आहे. त्यांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर व उंब्रज येथील मारुती कऱ्हाड तालुक्यातच आहेत. जवळच चाफळचे श्रीराममंदिर आहे. समर्थांच्या ‘मनाचे श्लोक’ या २०५ श्लोकांच्या रचनेत उपदेश आहे, पण तो मनाला उद्देशून आहे. जगात सर्व बाजूंनी सुखी कोण, याचा शोधही ते मनालाच घ्यावयास सांगतात. दुसऱ्याला शहाणपण सांगणे सोपे असते. स्वतःच्या मनाला समोर बसवून जाब विचारणे मात्र कठीण असते.

याच तालुक्यातील टेंभू गावी १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. मूर्तिपूजा व रूढी यांविषयीची त्यांची मते भाविकांना पटणारी नव्हती. तथापि त्यांच्या जीवनातील एक प्रसंग प्रत्येकाने मननात ठेवावा असा आहे. अत्यंत गरिबीत उच्च शिक्षण घेतल्यावर आता मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरील, अशी घरच्यांची आशा असणे स्वाभाविक होते. आपण पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून सर्व वेळ लोकहितासाठी घालविणार, असे त्यांनी आईला पत्राने कळविले. हे शिक्षण कशासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नसता, तर असे पत्र लिहिले गेले नसते. त्या उत्तराची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. १८९५ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ईश्वराविषयीचे मत काहीही असो, स्वतःशी प्रामाणिक राहणे हे सर्वांनाच वंद्य होय.

अनेक देवस्थानांत कौल लावण्याची प्रथा आहे. दोन वाटा समोर असताना कोणती धरावी, हे देवाला विचारले जाते. अशा वेळी एक अनुभव पुष्कळांना येतो. कौल मिळण्याआधीच, तो कोणत्या बाजूने पडावा असे आपल्याला वाटते, हे मनाला कळून चुकते. मग पुढचा प्रश्न विचारावा : असे का वाटते? त्यामागे कर्तव्य आहे, की लोभ, की केवळ भय? हे तपासून घेतलेला मनुष्य कौल कोणताही मिळाला तरी डोळसपणे चालतो.

दानाच्या बाबतीतही हेच लागू पडते. देवस्थाने दात्यांच्या औदार्यावर चालतात, हे सत्यच आहे. तरीही पावती फाडण्यापूर्वी दात्याने मनाला विचारावे : फलकावर नाव लागले नाही, तरी हे देणे घडले असते काय? हे धन सचोटीने मिळविलेले आहे काय? घरातील वृद्धांची आबाळ करून तर हे दान होत नाही ना? उत्तर समाधानकारक आले, तर अकरा रुपयेही देवाला पोहोचतात. तसे न आले, तर दान थोडे थांबले तरी चालेल, आधी घरचे कर्तव्य पार पाडावे.

मात्र आत्मपरीक्षण म्हणजे आत्मनिंदा नव्हे. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असे विचारीत राहिल्याने मन खचते. ‘आता माझ्या हाती काय आहे?’ असे विचारल्याने पाऊल पुढे पडते. कृष्णा व कोयना येथे समोरासमोर येऊन भिडतात, आणि तेथून एकच प्रवाह पूर्वेकडे वळतो. मनातील परस्परविरुद्ध ओढींनाही अशीच दिशा मिळू शकते.

दर्शन झाल्यावर मंदिरात क्षणभर बसून मगच निघावे, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. भाविकांनी ती अवश्य पाळावी. मागणे गाभाऱ्यासमोर सांगून झालेले असते. सभामंडपातील ते चार क्षण विचारण्यासाठी आहेत. आज आपले कोणाशी वागणे चुकले, कोणाचे देणे राहिले, उद्या कोणते एक काम नेटाने करावयाचे, एवढे तीन प्रश्न पुरेत. त्यांची उत्तरे घेऊन भाविक घरी परतला, तर त्याची यात्रा सफळ झाली असे म्हणता येईल.