‘लेकरांसाठी सोस’

मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत अजूनही ऐकावे लागते : ‘लेकरांसाठी सोस, बाई.’ सांगणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. बहुतेकींनी स्वतःही तसेच दिवस काढलेले असतात. परंतु त्या वेळी तिचा पदर धरून उभे असलेले लेकरू ते वाक्य ऐकते आणि त्याचा आपल्यापुरता अर्थ लावते. आई माझ्यासाठी मार खाते. म्हणजे मी नसतो, तर ती सुटली असती. ज्या अपराधात त्याचा काडीचाही वाटा नाही, त्याचे देणे त्याच्या नावावर चढवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मुलावर हात उगारला नाही म्हणजे ते वाचले, असे आपण समजतो. वस्तुतः तेही त्या माराखालीच असते. कुणी अंथरूण ओले करते, कुणाच्या पोटात दुखते, कुणी वर्गात पेंगते, तर कुणी तिथे दुसऱ्यांना मारते. थोरली मुलगी मात्र बहुधा फार शहाण्यासारखी वागते. बापाची चाहूल लागताच धाकट्यांना घेऊन शेजारी जाते, सकाळी भाकऱ्या थापते. सारे तिचे कौतुक करतात. माझ्या मते सर्वाधिक काळजी करावी ती हिची.

मदत करणाऱ्याने इथल्या संस्कृतीचे भान ठेवावे, हे रास्तच आहे. पण ‘घरातले घरात’ एवढीच का ती संस्कृती? आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता, त्या काळात, 1943 ते 1946 च्या दरम्यान, नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे जमिनीच्या तंट्यांबरोबर स्त्रियांवरील अत्याचारांच्या तक्रारीही येत. त्याच लढ्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर पुढे परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या. उंबऱ्याआडचा अन्याय चावडीवर आणण्याची रीतही याच मातीतली आहे.

मुलाच्या तोंडून बोल फुटणे मात्र कठीण. बापाविरुद्ध बोलणे त्याला पाप वाटते, आणि आपल्या घरांत तर चौथी आज्ञा त्याला पाठ असते. शिवाय पुष्कळदा त्याचे बापावर प्रेमही असते. जत्रेत खांद्यावर बसवणारा तोच असतो. म्हणून ‘बाबा मारतात का?’ असे विचारून त्याला न्यायाधीश करू नये. रात्री झोप लागते का, भीती वाटली की कुठे जातोस, एवढे विचारावे. तेही त्याच्या बोलीत. जत तालुक्यातल्या कन्नड बोलणाऱ्या घरातले पोर पुस्तकी मराठीतल्या प्रश्नाला मान डोलावून गप्प बसेल. विचारणारी व्यक्ती शाळेतल्या बाई असोत, अंगणवाडीताई असो वा आजोळची आजी. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन तिने देऊ नये, कारण मुलाच्या जिवासाठी ते मोडावे लागेल.

आजोळ हा आपला मोठाच आधार. तिथे मुलाला कुणी कारण विचारत नाही. पण त्यापायी त्याची शाळा सुटते, सवंगडी सुटतात. मारणारा घरात आणि मार सोसणारी बाहेर, असा उफराटा न्याय होतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे. न्यायदंडाधिकारी पतीला घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात, मुलांचा तात्पुरता ताबाही आईकडे सोपवू शकतात. संकटातल्या मुलासाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

विवाह अभेद्य, मग ती वेगळी कशी राहील, असा प्रश्न आपल्यातले काहीजण विचारतील. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मविधिसंहितेतील 1153 वे कलम त्यांनी जरूर वाचावे. जोडीदारापासून पतीच्या किंवा पत्नीच्या, अथवा अपत्यांच्या शरीरामनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण मानले आहे. विलंबात धोका असल्यास परवानगीसाठीही थांबावे लागत नाही. तिथे अपत्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे. ज्या लेकरांचे नाव घेऊन आपण तिला परत पाठवतो, त्यांचेच नाव त्या कलमात तिच्या सुटकेच्या बाजूने घेतले आहे.

आणि त्या लेकराला जवळ घेऊन सांगायचे असते : ‘हे तुझ्यामुळं झालं नाही, बाळा.’ ते मान हलवते आणि खेळायला जाते. आठ दिवसांनी, भांडी लावता लावता, तोच प्रश्न पुन्हा विचारते. तेव्हा पुन्हा सांगायचे.