चेहरा कुणाच्या खात्यावर?

बँकेत फोटो लागतो तो माणूस ओळखण्यासाठी. अर्जावर डकवलेला फोटो आणि काउंटरपलीकडचं तोंड यांत थोडंफार नातं असावं, एवढीच आम्हा कारकुनांची कलेकडून अपेक्षा. पण ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्याचं चित्र माणूस कशासाठी काढतो? ओळख पटावी म्हणून खासच नव्हे. त्याला तर सगळं जग ओळखतं!

अमेरिकेतल्या शेपर्ड फेअरी नावाच्या चित्रकाराने २००८ साली बराक ओबामांचं पोस्टर केलं. तांबडा, निळा असे मोजके रंग, चेहरा किंचित वर उचललेला, नजर दूर कुठेतरी, आणि खाली एकच शब्द : 'होप'. म्हणजे आशा. (खाली मान घालून खतावणी करणाऱ्याचं असं चित्र कुणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) पुढे त्याचंच एक मोठं चित्र झालं. कागदाचे तुकडे चिकटवलेले, कापलेल्या साच्यांतून मारलेला अ‍ॅक्रिलिक रंग, असा सगळा मिश्र मामला. ते २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलं.

आता चेहरा आला कुठून? तर मॅनी गार्सिया या छायाचित्रकाराने असोसिएटेड प्रेससाठी एप्रिल २००६ मध्ये टिपलेल्या फोटोवरून. गंमत अशी, की आपल्याच फोटोचं हे पोस्टर झालंय याचा पत्ता खुद्द गार्सियांना २००९ उजाडेपर्यंत नव्हता! ज्याचा माल त्यालाच ओळखू येईना, इतकं त्या चित्रकाराचं कसब.

मग वृत्तसंस्थेने हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि फेअरी म्हणाले, मी वापरला तो फोटो दुसराच. ते खरं वाटावं म्हणून त्यांनी काही कागद नाहीसे केले, काही बनवले. २०११ मध्ये वृत्तसंस्थेशी तडजोड झाली, पण कागदांचं पाप निराळं. २०१२ मध्ये त्यापायी २५,००० डॉलर दंड आणि ३०० तास समाजसेवा, शिवाय दोन वर्षं कोर्टाची देखरेख. अहो, खरं सांगितलं असतं तर चित्र काय रतीभर उणं झालं असतं?

तर मग त्या चित्रातली आशाही बनावट ठरते का? मला विचाराल तर, नाही. व्हाउचर खोटं निघालं म्हणून ज्याने मनोभावे पैसे भरले त्याची ठेव खोटी होत नाही. हजारो माणसांनी ते चित्र भिंतीवर लावलं, ते काही त्या कागदपत्रांच्या भरवशावर नव्हे.

मला खटकतं ते निराळंच. २०१५ मध्ये एका मुलाखतीत फेअरी म्हणाले, की ओबामा काही त्या पोस्टरला जागले नाहीत. आता काय म्हणावं! कारभाराबद्दल तक्रार करायला कुणाची ना नाही. राज्य केलं की ती ऐकावीच लागते. पण पोस्टरला जागायचं म्हणजे काय? फोटो निघाला त्या दिवशी ओबामा बिचारे एका पत्रकार परिषदेत नुसते बसले होते. दुसरा वक्ता बोलत असताना आपणही मान वर करून ऐकतोच की. त्या मानेला आशा चिकटवली ती चित्रकाराने, आपल्या हाताने, आपल्या पदरच्या रंगाने. ओबामांनी २००८ मध्ये त्यांना आभाराचं पत्र धाडलं होतं, हे खरं. पण आभाराचं पत्र म्हणजे काही प्रॉमिसरी नोट नव्हे. चेहरा एकाचा, फोटो दुसऱ्याचा, शब्द तिसऱ्याचा, आणि जामीनदार म्हणून सही कुणाचीच नाही. अशा खात्याच्या वसुलीला जायचं तरी कुणाच्या दारी?