अमानत आणि तबकडी

आमच्या घरांतल्या जुन्या बायकांचे फोटो बहुधा नसतातच. असलाच तर एक, हजच्या अर्जासाठी काढलेला. पडदा, संकोच, तसवीर काढू नये ही समजूत, या साऱ्यांवर सरकारी कागदाने मात केली आणि दादीअम्मा कॅमेऱ्यासमोर बसल्या. होकार होता, पण अर्जापुरता.

पुढे नातवंडांनी तो फोटो, आणि स्टुडिओतून मिळाली असेल तर निगेटिव्हही, स्कॅन करून सीडीवर घेतली. नियत चांगलीच होती. कागद पिवळा पडतो, निगेटिव्हला बुरशी लागते. कोडॅकने 1992 साली ‘फोटो सीडी’ बाजारात आणली, तीत सुमारे 100 फोटो मावत. नंतरच्या 700 एमबीच्या साध्या सीडीत तर सगळे खानदान मावू लागले. तबकडी अमर आहे असे मानून कित्येकांनी निगेटिव्ह फेकून दिल्या. वास्तविक घरी ‘बर्न’ केलेल्या सीडीत माहिती धरून ठेवतो तो रंगद्रव्याचा पातळ थर, आणि उन्हाने तो बिघडतो. ज्या बाजूला आपण बॉलपेनने नाव लिहितो, तिकडे चकाकत्या धातूवर फक्त एक पातळ लेप असतो. दादीअम्मांचे नाव लिहिता लिहिता त्याच पुसल्या जायच्या! शिवाय नव्या लॅपटॉपना सीडीचा ड्राइव्ह बहुधा नसतोच.

म्हणून जाणकार सांगतात, प्रती वाढवा, वेगवेगळ्या जागी ठेवा, दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवा. पेच इथेच आहे. अमानत म्हणजे वस्तू सांभाळणे, आणि ज्या कामासाठी दिली त्यापलीकडे ती न वापरणे. पहिले कर्तव्य प्रती वाढवायला सांगते, दुसरे हात आवरायला. संदुकीतला फोटो चावी असेल त्यालाच दिसे. सीडीच्या प्रती मात्र सात घरी जातात, आणि परक्या पुरुषासमोर पदर सावरणारा तो चेहरा कुणाच्याही पडद्यावर येतो.

मेलेल्या माणसाला कसली लाज, असे कुणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. मय्यतीला गुसल देतानाही आपण अंग झाकतोच. पण फोटो नष्ट होऊ द्यावा हेही पटत नाही. ज्या बायांची नावे सातबाऱ्यावर कधी चढली नाहीत, त्यांची ही एवढीच खूण. आमच्या मते प्रती दोन-तीनच कराव्यात, त्या घरातच ठेवाव्यात, निगेटिव्ह टाकू नये. फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तर दादीअम्मांच्या सहवासात वाढलेल्या एखाद्या फुफीला आधी विचारावे. ती नको म्हणाली, तर फ्रेम दुकानदाराला परत करावी.