वडाची सावली आणि आपला शब्द



दिंडी दुपारी ज्या वडाखाली विसावते, तो वड लावला कोणी आणि राखला कोणी, हे आपण कधी विचारतो काय? पालखीमार्ग रुंद झाला तेव्हा कित्येक जुने वड गेले. आपण हळहळलो, पण कुऱ्हाड पडण्याआधी बोललो नाही. 'झाड सरकारचे, आपण काय बोलावे?' हे आपले ठरलेले उत्तर.

आमच्या शिराळा भागाने हे उत्तर एकदा झिडकारले आहे. १९३० साली बिळाशीकरांनी जंगल सत्याग्रह केला. रानातून साग आणला, त्यावर गावात झेंडा उभारला आणि सरकारचा रोष अंगावर घेतला. त्या झेंड्याचा अर्थ आम्ही एवढाच घेतो की, रानाचा कारभार रानाजवळच्या माणसाला विचारून व्हावा.

आज विचारण्याची सोय कायद्यानेच आहे. शहरात झाड तोडण्यापूर्वी १९७५ च्या कायद्याप्रमाणे लोकांच्या हरकती मागवतात. शिराळ्यालाही २०१६ पासून नगरपंचायत आहे. खेड्यात ग्रामसभा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि नोंदवही ठेवायची आहे. आपली देवराई, ओढ्याकाठची झाडे, देवळामागचे गायरान त्या वहीत आहे का, हे जाऊन पाहा. नसेल तर मांडा.

कोणी म्हणेल, वारकऱ्याने नाम घ्यावे, सभेत कशाला जावे? बाबांनो, भंडारा डोंगरावर एकांतात बसणाऱ्या तुकोबांना झाडेवेली परकी वाटली नाहीत. आपण एकादशी चुकवत नाही, ग्रामसभा मात्र खुशाल चुकवतो. पाराच्या फरशीसाठी वर्गणी काढतो, पारावरच्या पिंपळासाठी तोंड उघडत नाही. हा कसला भक्तिभाव?

सभेत भांडू नका. नम्रपणे, पण उभे राहून बोला. सरपणाला आणि पाण्याला रोज जाणाऱ्या माउलींना पुढे बसवा. कोणते झाड कशाला उपयोगी, हे त्यांना अधिक ठाऊक. आणि बोलून घरी बसू नका. हक्क मागणाऱ्याने चैत्र-वैशाखात रोपाला दोन घागरी पाणीही घालावे. नाहीतर त्या बोलण्याला वजन राहत नाही.

पुढच्या वारीला निघण्यापूर्वी प्रत्येक दिंडीने आपल्या गावातले एक झाड तरी सांभाळायला घ्यावे. विठुराया त्या सावलीत आपली वाट पाहत उभा आहे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!