त्याग्याचे घर

जमिनीच्या मालकीवरच ज्याने प्रश्नचिन्ह लावले, त्याच्या वडिलोपार्जित घराचे पुढच्यांनी काय करावे? पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे जन्मले, म्हणून हा प्रश्न तिथल्या भावे घराण्याच्या घरापाशी उभा राहतो. मार्च 1916 मध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. 1951 मध्ये पोचमपल्लीला शंभर एकरांचे पहिले दान मिळाले आणि तिथून भूमिहीनांसाठी जमीन मागणारी त्याची भूदानाची पदयात्रा सुरू झाली. तेव्हा त्यानेच सोडलेले घर आपण का सांभाळावे, हा आक्षेप वजनदार आहे. मात्र त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: घर म्हणजे आसक्ती आणि त्याग म्हणजे घराबाहेर पडणे. मला हे गृहीतच चुकीचे वाटते. विनोबांचा अपरिग्रह घराविरुद्धच्या बंडातून आला नाही. तो घरातच रुजला होता.

कोकणातल्या जमीनजुमला असलेल्या जुन्या घराची रचना पाहिली तर हे पटते. दगडी जोते, जाड भिंती, मुसळधार पाऊस झटकून टाकणारे उतरते कौलारू छप्पर. पुढे सारवलेले खळे, मग ओटी, आत माजघर आणि देवघर, बाजूला पडवी, वर माळा. यातला केवढा तरी भाग केवळ घरच्या माणसांसाठी नसतो. खळ्यात भात झोडताना गावचे हात लागतात, ओटीवर वाटसरू टेकतो, पडवीत गुरे असतात. असे घर एकट्या कुटुंबाच्या सोयीपुरते बांधलेलेच नसते. विनोबांनी सांगितलेल्या बालपणीच्या आठवणी याच रचनेत बसतात. झाडाचा फणस उतरला की पहिला वाटा देवाला, मग शेजाऱ्यांना, आणि उरलेला घरच्यांना. घरात एक अंध वृद्ध राहत. ते आपले नातेवाईक नव्हते, हे मुलाला त्यांच्या मृत्यूनंतर कळले. आजोबा शंभुराव चंदन उगाळून त्याचा गणपती घडवत. मनोभावे पुजलेली ती मूर्ती शेवटी पाण्यात सोडायची असे. जिव्हाळा आणि सोडून देणे एकत्र नांदू शकते, हे मुलाला याहून नेमके कोणत्या ग्रंथाने शिकवले असते? भूदानात त्याने जमीनवाल्यांना विनवले, ‘मला घरातला एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या.’ ही मागणी संन्याशाची असली तरी तिची भाषा घरातल्या वाटणीची आहे.

यावर दुसरा, अधिक कडवा आक्षेप येतो. ओटी सगळ्यांसाठी होती म्हणणे सोपे. कोणी कुठवर यायचे हे जातीने ठरलेले असे. शेतातले भात कष्टकऱ्याच्या घामाचे आणि कोठी मालकाची. गागोद्याच्याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून खोतांविरुद्ध सहा वर्षे संप चालवला, आणि खोती कायद्याने संपायला 1949 उजाडले. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यावर गोड आठवणींचे पांघरूण घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्यातून घर निरर्थक ठरत नाही, अपुरे ठरते. विनोबांनी ओटीची मर्यादा ओळखली आणि ती पुढे ढकलली. 1953 मध्ये देवघर शहरातल्या वैद्यनाथ मंदिरात ते हरिजनांसह गेले तेव्हा त्यांना मार खावा लागला. घराने शिकवलेला वाटा ते उंबरठ्यापलीकडे नेत होते, आणि उंबरठा काय असतो हे ठाऊक असलेला माणूसच तो ओलांडण्याचा अर्थ जाणतो.

मग गणपतीसारखे घराचेही विसर्जन का नको? वडिलांच्या अस्थी विनोबांनी नदीत न सोडता मातीत पुरून मातीलाच परत दिल्या आणि वर तुळस लावली; त्यामुळे वस्तूला चिकटून राहणे त्यांना रुचणारे नव्हते, असे कोणी म्हणेल. परंतु पवनारच्या त्यांच्या आश्रमात जमीन खणताना भरत-रामभेटीचे जुने शिल्प निघाले तेव्हा त्यांनी ते संग्रहालयाकडे धाडले नाही. तिथेच स्थापून पूजेत आणले. म्हणजे जुने ठेवावे की टाकावे, हा त्यांचा निकष नव्हता. वस्तू कशाच्या उपयोगी पडते, हा होता. त्या निकषाने गागोद्यासारख्या घराची शाकारणी दर पावसाळ्याआधी व्हायला हवी, कारण कौले फुटली की भिंत भिजते आणि भिंत गेली की वासे जातात. पण दोरी लावून बंद केलेल्या ओटीसाठी एवढा खर्च मला पटत नाही. तिथे आसपासच्या वाड्यांवरची कातकरी मुले अभ्यासाला बसावीत, आणि परसात फणस असेल तर तो त्यांच्यात वाटला जावा.