ताप कोणी सोसायचा?

आपल्या वाळूजला दुचाकींचे ब्रेक बनतात. ब्रेक पॅडमध्ये तंतू, धातूचा चुरा असं बरंच काही असतं. त्या सगळ्याला सहसा धरून ठेवतं ते फिनॉलिक रेझिन, १९०७ च्या बेकेलाइटच्या घराण्यातलं. एकदा शिजून घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही. अती तापलं तर कोळसा होईल, पण पातळ होणार नाही. घाट उतरताना आपला जीव या हट्टावर असतो.

पॉलिमर शिकताना मी ‘उष्णतारोधक’ हा शब्द कौतुकानेच लिहीत आले. पण वस्तूने ताप सोसावा म्हणून माणसाने काय काय सोसायचं?

१९७० च्या दशकात नासात पीएमआर-१५ हे पॉलिइमाइड तयार झालं. कार्बन तंतूंना धरून ते जवळपास २९० अंश सेल्सिअसला हजारो तास टिकतं, म्हणून जेट इंजिनांच्या भागांत गेलं. त्याच्या कच्च्या मालात एमडीए नावाचं रसायन होतं. यकृताला विषारी, आणि कर्करोगाचा संशय असलेलं. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या एपिंगला हेच रसायन वाहतुकीत पिठावर सांडलं होतं आणि त्या पिठाचे पाव खाऊन ८४ जणांना कावीळ झाली होती. म्हणजे रेझिन जन्माला येण्याआधीच हे माहीत होतं!

शिजलेल्या भागात एमडीए साखळीत जखडलेलं असतं, त्यामुळे विमानातला प्रवासी निर्धास्त. धोका कच्चे थर हाताने रचणाऱ्याला, कारण ते कातडीतून आत जातं.

‘हातमोजे द्या, प्रश्न मिटला’ असं म्हणणाऱ्याने मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, आठ तास ते घालून पाहावेत. ‘कामगाराने स्वतःहून नोकरी घेतली ना?’ हेही ऐकते. पिशवीवरची सूचना इंग्रजीत, आणि घरचा हप्ता दर महिन्याला. याला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग असं काही बनवूच नये? तेही पटत नाही. ब्रेक लागला नाही तर मरणारा बहुधा कामावरून घरी चाललेला कामगारच असतो.

पुढे नासानेच एमडीए टाळणारी रेझिनं शोधली. पण डेटाशीटवर आजही ‘किती अंश, किती तास’ हेच ठळक असतं. हाताळणाऱ्याच्या कातडीचं, यकृताचं काय ते दुसऱ्या कागदावर, आणि मी पाहिलेल्या एका ठिकाणी तो कागद ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात होता.